लाव्हा येण्याआधीची शिकार

नाशिकच्या काळ्या कातळात डायनासोरचे हाड शोधायला जाऊ नये. पांडवलेणी ज्यात कोरली, ब्रह्मगिरी आणि अंजनेरी ज्याचे झाले, साल्हेरचा १५६७ मीटरचा माथा ज्याचे थर एकावर एक चढत उभा राहिला, तो सगळा बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो जमिनीच्या लांबच लांब भेगांतून, हजार अंशांहून अधिक तापमानाने वाहत आला आणि वाटेत जे होते ते जाळून, झाकून पुढे गेला. त्या भेगांपैकी काही नाशिक-पुणे पट्ट्यातच होत्या. त्यांत अडकून थिजलेल्या लाव्ह्याच्या उभ्या भिंतींना भूशास्त्रज्ञ डाइक म्हणतात. सह्याद्रीच्या घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात मध्येच लाल मातीचा पट्टा दिसतो. दोन उद्रेकांच्या मधल्या विश्रांतीत वरचा खडक कुजून ती माती झाली. असे उद्रेक, अशा विश्रांती, पुन्हा उद्रेक, आणि शेवटी जमिनीवर दीड-दोन किलोमीटर जाडीचा दगड.

त्याच्याखाली जुनी जमीन आहेच. भारत तेव्हा आशियाला चिकटलेला नव्हता. विषुववृत्ताच्या दक्षिणेला, हिंदी महासागरात एकटाच उत्तरेकडे सरकत होता. त्या भूमीवर नद्या होत्या, तळी होती, झाडी होती, झाडी खाणारे प्रचंड प्राणी होते आणि त्यांना खाणारेही होते. नाशिक जिल्ह्यात लाव्ह्याचा तळ कुठेही उघडा पडलेला नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला छिद्र पाडले, तेव्हा ३३८ मीटर बेसाल्टखाली जेमतेम आठ मीटर जुना गाळ लागला. कोयनेला ९३३ मीटरनंतर सरळ ग्रॅनाइट लागला, मध्ये गाळ नाहीच. त्यामुळे लाव्ह्याआधीच्या शिकाऱ्यांची विचारपूस करायची तर लाव्ह्याच्या काठाकाठाने जावे लागते: जबलपूर, नागपूर-चंद्रपूर, आणि गुजरातेत बालासिनोर. या काठांवर काळ्या दगडाच्या अंगाखालून एक पातळ, चुनखडीचा, मातकट थर बाहेर डोकावतो. जबलपूरजवळच्या नर्मदेवरील लमेटाघाटावरून त्याला लमेटा म्हणतात.

या थराची कथा सुरू होते ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या विल्यम स्लीमनपासून. १८२८ साली जबलपूरच्या छावणीजवळ बडा सिमला टेकडीवर त्याला दगड झालेली हाडे मिळाली. विल्यम बकलंडने इंग्लंडात मेगॅलोसॉरस या मांसाहारी प्राण्याचे वर्णन छापून तेव्हा चारच वर्षे झाली होती, आणि डायनासोर हा शब्द रिचर्ड ओवेनला सुचायला आणखी चौदा वर्षे होती. हाडे हातोहात फिरत कलकत्त्याला पोचली. १८७७ साली रिचर्ड लायडेकरने त्यांतल्या शेपटीच्या मणक्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिले. भारतातून नाव मिळालेला हा पहिला डायनासोर. तो शाकाहारी होता, लांब मानेचा. पुढे त्याचा मणका संग्रहालयातच हरवला आणि २०१२ साली कोलकात्याच्या संग्रहात पुन्हा सापडला. आपल्याकडे जीवाश्म जमिनीतून निघाला म्हणजे सुटला असे होत नाही. दुसऱ्यांदा पुरला जाण्याची जागा कपाटात असते.

शिकारी मात्र सापडायला पहिले महायुद्ध उजाडावे लागले. चार्ल्स मॅटली हा इंग्रज गृहस्थ नोकरीने हिशेबातला आणि ओढीने दगडातला. १९१७ साली त्याने बडा सिमल्यावर पुन्हा खणायला सुरुवात केली आणि हाडांचा एक अख्खा थर उघडा पाडला. त्यात मांसाहारी प्राण्यांची हाडे इतकी होती की त्या थरालाच मांसाहाऱ्यांचा थर असे नाव पडले. लहानमोठे बरेच प्राणी, सगळ्यांची हाडे एकमेकांत मिसळलेली. मणका कुणाचा, मांडी कुणाची, याचा पत्ता नाही.

या गोंधळाची किंमत लगेच मोजावी लागली. १९२३ साली मॅटलीने लमेटासॉरस नावाचा एक चिलखती डायनासोर जाहीर केला. पाठीवर हाडांच्या ढाली, खाली कमरेची आणि पायाची हाडे. बनारसच्या डी. के. चक्रवर्तींनी १९३५ साली अमेरिकी नियतकालिकात सरळ प्रश्न टाकला: हा चिलखती तरी आहे का? शंका रास्त होती. कमर आणि पाय मांसाहाऱ्याचे होते, ढाली भलत्याच कुणाच्या. शिकारी आणि त्याचा शेजारी मिळून मॅटलीने एक प्राणी केला होता, आणि तोही पाला खाणारा. पुढे ती हाडेही गहाळ झाली.

दरम्यान १९३३ साली जर्मन शास्त्रज्ञ फ्रेडरिक फॉन ह्यून आणि मॅटली यांनी मिळून मध्य प्रांतातील डायनासोरांवर ग्रंथ काढला. त्यात इंडोसुकस आणि इंडोसॉरस हे दोन मोठे शिकारी, आणि एकेका मणक्यावर उभी केलेली कितीतरी लहान नावे. त्यातली बहुतेक आज कुणी गंभीरपणे घेत नाही. मोठ्या दोघांची गत निराळी झाली. अमेरिकेचा प्रसिद्ध हाडशोध्या बार्नम ब्राऊन १९२२ साली भारतात येऊन गेला होता आणि बडा सिमल्याची काही हाडे न्यूयॉर्कला घेऊन गेला होता. ती तिथे पन्नासेक वर्षे पडून राहिली. १९७८ साली शंकर चटर्जींनी ती अभ्यासली आणि इंडोसुकसला टायरॅनोसॉरसच्या घराण्यात बसवले. म्हणजे त्या काळच्या समजुतीप्रमाणे भारतातही एक टी. रेक्सचा भाऊबंद फिरत होता.

ती समजूत फार टिकली नाही. १९८५ साली अर्जेंटिनातून अबेलिसॉरस आणि कार्नोटॉरस ही दोन नावे आली, आणि एक वेगळेच घराणे दिसू लागले: आखूड, उंच डोके, छोटे दात, नावापुरते हात. भारतातले शिकारी याच घराण्याचे निघाले. दक्षिण अमेरिका, मादागास्कर आणि भारत एकेकाळी एकाच भूखंडाचे तुकडे होते, त्या तुकड्यांवर हे शिकारी राज्य करत होते. टी. रेक्स उत्तरेचा, हे दक्षिणेचे. आपल्या मुलांच्या वह्यांवर अजून टी. रेक्सच असतो, हा भाग वेगळा.

या घराण्याचा भारतातला नीट ओळखता येणारा प्रतिनिधी गुजरातेतून आला. १९८२ ते १९८४ या काळात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे सुरेश श्रीवास्तव यांनी बालासिनोरजवळच्या रैयोली गावात हाडे उकरून काढली. कोणते हाड कुठे, कोणाच्या बाजूला पडले होते, याचा नकाशाही काढून ठेवला. २००१ नंतर जेफ्री विल्सन, पॉल सेरेनो, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जयपूरला ती हाडे तपासली, तेव्हा त्या नकाशाने मोठे काम केले. मेंदूचे कवच, मणके, कमर, पाय आणि शेपटीचे तुकडे एकाच प्राण्याचे आहेत हे त्यावरून ठरले. २००३ च्या ऑगस्टमध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस जाहीर झाला: सात मीटरांच्या आसपास लांब, दणकट पायांचा, कपाळावर एक ठेंगणे शिंग असलेला. बडा सिमल्यावर जे झाले नाही ते रैयोलीला झाले, आणि त्यात मोठा वाटा त्या नकाशाचा होता.

आता तो खात काय होता? हाडांवरून काही गोष्टी ठाम सांगता येतात. या घराण्यातल्या शिकाऱ्यांचे हात जवळजवळ निकामी होते. कोपर नीट वाकत नसे, बोटांना जोर नव्हता. म्हणजे पकडणे, धरून ठेवणे, फाडणे हे सगळे तोंडाचे काम. डोके आखूड आणि उंच, मानेचे स्नायू जाड, दात बसके, चपटे आणि कडेला करवतीसारखे बारीक दाते असलेले. लांब सुऱ्यासारखे दात भक्ष्य चिरून सोडून द्यायला बरे. बसके दात घट्ट धरून ठेवायला. म्हणून अभ्यासकांचा कल असा की हे शिकारी चावून सोडत नसत, धरून बसत. निफाड-सिन्नरच्या उसात बिबट्या ज्या पद्धतीने वासराचा गळा धरतो, त्याच्याशी हे अधिक जुळते. लांडगा पळता-पळता लचके तोडतो त्याच्याशी कमी. पाय आखूड आणि दणकट असल्याने लांबवर पाठलाग त्यांच्या आवाक्यातला नव्हता. दबा आणि थोड्या अंतराची झडप हेच शक्य दिसते.

बाकीचा पुरावा शेजारून, मादागास्करमधून घ्यावा लागतो. भारत आणि मादागास्कर साधारण ८.८ कोटी वर्षांपूर्वी अलग झाले. तिथला मायुंगासॉरस हा राजासॉरसचा जवळचा नातलग, आणि त्याची हाडे भरपूर व सुस्थितीत मिळाली आहेत. लांब मानेच्या डायनासोरांच्या हाडांवर त्याच्या दातांच्या खुणा आहेत. २००३ सालीच आणखी एक गोष्ट प्रसिद्ध झाली. मायुंगासॉरसच्या हाडांवर मायुंगासॉरसच्याच दातांच्या खुणा आहेत. दोन दातांमधले अंतर, दात्यांनी ओढलेल्या बारीक रेषा, सगळे जुळले. आपल्याच जातीचे मांस तो खात होता. मारून की मेलेले, हे खुणा सांगत नाहीत. २०१९ सालच्या अभ्यासात त्याच्या दातांतल्या वाढीच्या रेषा मोजल्या, तेव्हा प्रत्येक जागेचा दात सुमारे दोन महिन्यांत बदलत होता असे दिसले. इतक्या लवकर दात झिजवणारा प्राणी मऊ मांसावर थांबत नसावा. तो हाडेही कुरतडत होता. राजासॉरसही असाच वागला असेल असे मला वाटते, पण ते वाटणेच आहे. त्याच्या दातांच्या खुणा असलेले हाड हाती येईपर्यंत त्याला वाटण्यातच ठेवावे.

रैयोलीला आणखी एक गंमत आहे. २०१० साली तिथूनच राहिओलिसॉरस नावाचा दुसरा शिकारी जाहीर झाला. हाडे निदान सात प्राण्यांची, लहानमोठ्या वयाची. हा राजासॉरसपेक्षा सडपातळ. एकाच भागात दोन मोठे मांसाहारी राहत असतील, तर त्यांच्यात भक्ष्याची काही वाटणी असणारच. आपल्या जंगलात वाघ आणि बिबट्या असतात तशी.

आणि भक्ष्य? त्यासाठी महाराष्ट्रात यावे लागते. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे डोंगरगाव आणि पिसदुरा अशी दोन गावे आहेत. डोंगरगावच्या टेकडीवर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९८० च्या दशकात उत्खनन केले. एस. एल. जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ साली त्यातून एक मोठा शाकाहारी डायनासोर वर्णन केला. संस्थेच्या आद्याक्षरांवरून तो आज इसिसॉरस म्हणून ओळखला जातो. लांबी १८ मीटरांच्या घरात. सात मीटरांच्या शिकाऱ्याने असा पूर्ण वाढलेला प्राणी एकट्याने लोळवला असेल हे मला पटत नाही. म्हातारे, आजारी, मेलेले आणि सगळ्यात जास्त म्हणजे लहान पिल्ले, यावरच त्याचे पोट चालत असावे.

पिसदुऱ्याची जागा आणखी वेगळी. इथे नांगरलेल्या शेतात दगड झालेले शेण सापडते. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या काळापासून ही जागा माहीत आहे. हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी १८५० च्या दशकात नागपूर भागातले दगड आणि जीवाश्म जगापुढे मांडले. १८६३ साली टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात हिस्लॉप बुडाले. नागपुरातले हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच नावाचे. बडा सिमलावाल्या मॅटलीने १९३९ साली या शेणाचे प्रकार लावले आणि सगळ्यात मोठे गोळे लांब मानेच्या शाकाहाऱ्यांचे ठरवले. ज्याने शिकारी शोधला त्यानेच भक्ष्याचे शेण मोजले.

त्या शेणात पुढे काय निघाले हे वाचून जगभरचे लोक चकित झाले. २००५ साली लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी त्यातून गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण वेगळे केले. गवत किमान पाच प्रकारचे होते. डायनासोरांच्या काळात गवत नव्हतेच, असे तोवर पाठ्यपुस्तके सांगत. २०११ साली त्यात भाताच्या कुळातले कणही ओळखले गेले. चंद्रपूर-गडचिरोलीत आज भात पिकतो, त्याचे फार दूरचे नातलग तिथल्याच डायनासोरांच्या पोटात होते. म्हणजे साखळी अशी: गवत आणि पाला, ते खाणारा १८ मीटरांचा प्राणी, आणि त्याच्या पिल्लांवर टपलेला आखूड डोक्याचा शिकारी. साखळीची खालची कडी महाराष्ट्रात, वरची गुजरात आणि जबलपुरात.

या साखळीत पिल्लू प्रत्यक्ष कुणाच्या तोंडाशी आहे असा पुरावा भारतात एकच आहे, आणि त्यातला शिकारी डायनासोर नाही. १९८४ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना गुजरातेत धोळी डुंगरी येथे अंड्यांचे एक घरटे मिळाले. अंडी लांब मानेच्या डायनासोरांची, आणि बाजूला बारीक हाडे. १९८७ साली मोहबे यांनी ती नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची हाडे म्हणून प्रसिद्ध केली. २००१ साली जेफ्री विल्सन तो दगड पाहत होते, तेव्हा त्यातल्या काही मणक्यांनी त्यांना अडवले. ते मणके सापाचे होते. सरकारी परवानगीने दगड मिशिगनला नेऊन बारकाईने साफ केला, आणि सगळे दृश्य उलगडले: तीन अंडी, त्यातले एक फुटलेले, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला सुमारे साडेतीन मीटरांचा साप, आणि शेजारी अर्ध्या मीटरचे पिल्लू. २०१० साली सनाजे इंडिकस या नावाने तो साप जाहीर झाला.

या सापाचा जबडा आजच्या अजगराइतका फाकत नव्हता. अंडे त्याला गिळता येणार नव्हते. तो घरट्याशी थांबला होता तो पिल्लू बाहेर येण्यासाठी. पिल्लू आले, आणि त्याच वेळी पावसाने सैल झालेली ओली माती वरून कोसळली असावी. साप, पिल्लू आणि न फुटलेली अंडी एकत्र पुरली गेली. या भागात अंड्यांच्या घरट्यांशी सापाची हाडे मिळाल्याची आणखी उदाहरणे आहेत, त्यामुळे हा साप चुकून तिथे आला असे म्हणता येत नाही. घरटी ही त्याची नेहमीची जागा होती. आपल्या पिसदुऱ्यातही मॅडसोइया नावाचा मोठा साप मिळाला आहे, त्याला गावाचेच नाव दिले आहे. वाढलेल्या डायनासोरला या सापांपासून धोका नव्हता. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिले काही दिवस मात्र फार वाईट होते. मोठे शिकारी पुढे.

मग लाव्हा आला. कच्छमधल्या अंजारला लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात डायनासोरची हाडे आणि अंड्यांची टरफले मिळाली आहेत, म्हणजे पहिल्या उद्रेकांनी ते संपले नाहीत. एक थर आला, थंडावला, त्यावर पाणी साचले, झाडे उगवली आणि प्राणी परत आले. पण दख्खनचे उद्रेक लाखो वर्षे चालले, आणि त्याच काळात मेक्सिकोच्या युकाटानवर आकाशातून दगड कोसळला. दोघांपैकी कोणाचा वाटा किती, याचा वाद अजून चालू आहे. पांडवलेणी, अंजनेरी, साल्हेर हे सगळे त्या काळाच्या आसपास, त्या प्राण्यांच्या भूमीवर येऊन बसले.

नाशिककरांना एक सांगणे आहे. खाणीत किंवा शेताच्या बांधावर बेसाल्टचे गोल दगड निघतात, हातोडी मारली की कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. दरवर्षी कुणी ना कुणी ते डायनासोरचे अंडे म्हणून घरी आणतो. ती अंडी नव्हेत. बेसाल्ट कुजताना असाच गोल होत जातो. तमिळनाडूतल्या पेरंबलूरला २०२० साली निघालेल्या गोलांनाही वर्तमानपत्रांनी अंडी म्हटले होते, ते समुद्री गाळाचे गोळे निघाले. खरी अंडी आणि हाडे पाहायची असतील तर रैयोलीला २०१९ पासून संग्रहालय आहे, तिथे मुलांना घेऊन जा. आणि वरोऱ्याकडे कुणाच्या शेतात खरेच हाड दिसले, तर ते उचलून आणू नका. सापाने पिल्लू गाठले होते हे आपल्याला कळले ते दोघांची हाडे एकाच दगडात राहिली म्हणून. बडा सिमल्यावर कोणी कोणाला खाल्ले हे कधीच कळणार नाही, कारण तिथली हाडे आधीच मिसळलेली होती. फोटो काढा, जागा लक्षात ठेवा आणि नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा.